सुलभा घाडी आणि अण्णांचं लॉगिन

आमच्या वधूवर मंडळाचा हीरकमहोत्सव मागच्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये थाटात पार पडला. स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. तिच्यात मंडळाला मोलाचा हातभार लावणाऱ्यांची पानभर यादी आहे. मांडववाला आहे, चहावाला आहे, एकदाच येऊन माइक बिघडवून गेलेला गृहस्थही आहे. सुलभा घाडी हे नाव नाही. पहिल्या प्रुफात मी ते घातलं होतं, दुसऱ्या प्रुफात ते गेलेलं होतं. मी विचारलं, तर अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "जागा कमी पडली हो, पाटकर." जागा कमी पडली! शेजारच्या पानावर लोणच्याच्या बरणीची अख्ख्या पानाची जाहिरात आहे. मी काही बोललो नाही. मी कधीच काही बोलत नाही, म्हणून तर इतकी वर्षं या मंडळात लेखनिक म्हणून टिकलो. पण त्या दिवसापासून डोकं भणाणलंय, आणि लिहिण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

मंडळाची जागा म्हणजे दादरमधल्या एका जुन्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड. बाहेरच्या खोलीत फॉर्म घेण्याचा काउंटर, मधल्या खोलीत चार संगणक. मागे पूर्वी मोरी होती, तिथला नळ कायमचा बंद करून, दगडावर लाकडी पाट टाकून, त्या पाटावर सर्व्हर बसवलेला. सगळ्या मुलामुलींचे फॉर्म, पत्रिका आणि फोटो ज्या डब्यात साठवलेले असतात तो हा सर्व्हर. त्याची राखण सुलभाताईंकडे. मोरीत एसी होता, आम्हाला पंखे. त्यावरून अध्यक्षांनी एकदा टोमणा मारला, तेव्हा ताई म्हणाल्या, "तो डबा रजा घेत नाही, उशिरा येत नाही आणि दुपारी डुलक्या काढत नाही. तुम्ही तसं करा, तुम्हालाही लावते एसी."

अशा बोलायच्या. समोर कोण आहे ते न बघता. राहायला काळाचौकीला, मूळ मालवणकडच्या. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा ताई इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होत्या. उंची बेताची, केस कायम क्लिपेत वर बांधलेले, ब्लाउजच्या बाहीला खोचलेला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. मोरीत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि दुसऱ्याने काढल्या नाहीत तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. रागावल्या की शुद्ध मराठी सुटायची आणि मालवणी यायची. "मेल्या, तुका डोळे दिलेत ते कित्याक?" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकलेलं आहे.

प्रत्येक वायरीला त्या पांढरी कापडी चिकटपट्टी गुंडाळायच्या आणि तिच्यावर गोल अक्षरात लिहायच्या. 'मंदाची वायर.' 'पाटकर, पाय लावू नये.' 'अध्यक्ष, ओढू नये.' एका वायरीवर वर्षभर लिहिलेलं होतं, 'ही कुठे जाते माहीत नाही, शोधायची आहे.' शेवटी ती कुठेच जात नव्हती असं निघालं, तेव्हा त्यांनी ती कापून तिच्यावर तारीख घालून खणात ठेवून दिली. "आधी बघ, मग बोंबल," हे त्यांचं वाक्य. संगणक बंद पडला असं सांगायला कुणी गेलं की पहिला प्रश्न यायचा, "बटण बघितलंस?" आणि दहातल्या आठ वेळा बटणच बंद असायचं.

डब्यात सुकट आणायच्या. आमच्या कमिटीतल्या मंडळींना त्या वासाने मळमळायचं. 'कार्यालयात मांसाहार आणू नये' अशी पाटी लागली. ताईंनी तिच्या खाली आपली चिकटपट्टी लावली, 'ज्यांना वास येतो त्यांना भूक लागली असावी.' आणि त्या दिवसापासून मागच्या गॅलरीत उभ्या राहून, दार सताड उघडं ठेवून जेवायला लागल्या.

स्वतः लग्न केलेलं नव्हतं. वधूवर मंडळात काम करणारी पन्नाशीची अविवाहित बाई, म्हणजे येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारणारच. "फॉर्म भरायला वेळ झाला नाही," एवढंच उत्तर. पण इथे येणाऱ्या मुलींबद्दल मात्र त्यांच्या मनात काहीतरी फार हळवं होतं, ते त्या रागाखाली झाकून ठेवायच्या. फॉर्मवर 'गोरी, सडपातळ, नोकरी करणारी पण घर सांभाळणारी' अशी अपेक्षा वाचली की मोरीतून आवाज यायचा, "ह्याचा फोटो बघितला काय कुणी? फणस सोललेला!"

त्या हळवेपणाचं एक कारण होतं. पूर्वी मुलींचे फोटो पालकांना घरी न्यायला द्यायचे. एका मुलाच्या वडिलांनी असा गठ्ठाच नेला, आणि लालबागच्या त्यांच्या बिल्डिंगमधली पोरं जिन्यात बसून ते फोटो बघत शेरे मारत होती. त्यातल्या एका मुलीची मावशी त्याच बिल्डिंगमध्ये राहत होती. ती मुलगी मंडळात आली, काउंटरसमोर उभी राहिली आणि रडत राहिली. ताईंनी पुढचे तीन महिने रोज उशिरापर्यंत बसून सगळी व्यवस्था बदलली. मुलीच्या घरून होकार आल्याशिवाय फोटो उघडणारच नाही, असं करून टाकलं. आणि फॉर्मवर ठळक अक्षरात एक ओळ छापून घेतली, 'आपला फोटो व दूरध्वनी क्रमांक आपल्या परवानगीशिवाय कोणासही दिला जाणार नाही.' त्या ओळीचं प्रूफ त्यांनी चार वेळा तपासलं.

दोनेक वर्षांपूर्वी ती ओळ खोटी पडली.

आधी एक आई आली. तिच्या मुलीला कोणी परका माणूस फोन करून विचारत होता, "अजून जमलं नाही का कुठे?" मग दुसरी आली. मग रोज येऊ लागल्या. मुलींनी फोन बंद करून ठेवले होते. एका मुलीच्या ऑफिसात जाऊन एक जण उभा राहिला, हातात तिचा मंडळाला दिलेला फोटो. पालक काउंटरवर हात आपटत होते आणि काउंटरच्या पलीकडे होती मंदा चव्हाण. मंदा अकरा वर्षं तिथे बसत होती. नवरा गेलेला, घरी सासू, राहायला ताईंच्याच मागच्या चाळीत. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं. फॉर्म तिच्या हातातून जायचे, बस, एवढा तिचा गुन्हा.

आमचे अध्यक्ष, दादासाहेब, म्हणजे मंडळाचे संस्थापक अण्णा यांचे चिरंजीव. ते केबिनमधून बाहेर आले आणि वीस माणसांसमोर म्हणाले, "आमच्या काउंटरवरच्या बाईंची चौकशी चालू आहे. दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये योग्य तो निर्णय घेऊ." मंदा तिथेच बसलेली होती. हातात कुणाचा तरी अर्धा भरलेला फॉर्म होता. दोन दिवसांत ही बातमी काळाचौकीत पोचली. 'मंदाने पोरींचे नंबर विकले.' नळावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. सासूने विचारलं, "खरं सांग, घेतलेस का कुणाकडून?" हे मंदाने मला जिन्यात सांगितलं आणि मी म्हणालो, "होईल सगळं ठीक." काय घंटा ठीक होणार होतं? पण माझ्याकडे एवढीच वाक्यं असतात.

ताईंनी मात्र दादासाहेबांच्या केबिनचं दार न ठोठावता उघडलं. "नेटवाल्यांचा कागद बघितलात? महिनाभरात आपण बाहेर पाठवलंय किती! आत येतं त्याच्या चौपट बाहेर जातंय. आपण वधूवर मंडळ आहोत की टीव्ही चॅनेल?"

"नेट आहे, जात असेल," दादासाहेब म्हणाले.

"कोण पाठवतंय ते बघू दे मला. तोपर्यंत मंदाबद्दल एक शब्द काढू नका."

"तुमचा डबा तुम्ही बघा, घाडीबाई. माणसं मी बघतो."

मग सुरू झाली शोधाशोध. पहिले तीन दिवस ताईंनी सगळ्या संगणकांत विषाणू शोधला. सापडला नाही. नंतर एकेक वायर काढून बघायला लागल्या. आमचा एकेकाचा संगणक तासतासभर बंद. माझ्यावर त्यांना संशय होताच, कारण दुपारी माझ्याकडे काहीतरी चालू असायचं. माझ्या जुन्या टीव्ही मालिका त्यांनी पकडल्या. मी ओशाळून उभा, तर म्हणतात, "हे आत येतंय, मूर्खा. माका बाहेर जाणारा होया. चोर असतास तर बरं झालं असतं, तू नुसताच आळशी आहेस."

अडचण अशी होती की दिवसभर चार संगणक सर्व्हरशी बोलत असायचे, बाहेरून पालक नेटवर मुलामुलींची यादी बघत असायचे, आणि त्या सगळ्या गलक्यात नको ते जाणं थोडं थोडं मिसळलेलं होतं. ताई डोकं धरून मोरीच्या उंबऱ्यावर बसायच्या. मंदा त्यांच्यासाठी चहा आणून ठेवायची आणि काही न विचारता परत जायची. तिने विचारलं नाही याचा ताईंना जास्त त्रास व्हायचा, हे दिसत होतं. दसरा आठ दिवसांवर आला होता.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. सगळे संगणक बंद करायचे, पुसायचे, हळदकुंकू, झेंडूचा हार, आरती, पेढे. गिरणीत वाढलेल्या घरातली असल्याने ताई या बाबतीत फार कडक. त्यांचे वडील सांगायचे म्हणे, त्या दिवशी साचा म्हणजे देव, त्याला हात लावायचा नाही, तो हलता कामा नये. म्हणून दर वर्षी त्या स्वतः सर्व्हरही बंद करायच्या आणि पालकांसाठीची यादीही त्या दिवशी बंद असायची. त्या वर्षी सकाळी माझ्याकडून सगळे संगणक बंद करवून घेतले, भिंतीतली बटणंही बंद करवली, पालकांची यादी बंद केली, आणि म्हणाल्या, "यंदा सर्व्हर चालू राहील."

"पूजेच्या दिवशी?"

"देवाक सांगितलंय मी. तो माझ्याशी वाद घालत नाही, तू कशाला घालतोस?"

आरती सुरू झाली. दादासाहेब पुढे ताम्हण घेऊन. भिंतीवर अण्णांचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. आम्ही टाळ्या वाजवतोय आणि मागे ताई चपला काढून मोरीत उकिडव्या बसलेल्या. सगळ्या वायरी ज्या छोट्या पेटीत येऊन मिळतात तिच्यावर हिरवे दिवे असतात. रोज सगळे लुकलुकतात. त्या दिवशी सगळे विझलेले होते. फक्त दोन चालू होते, एक सर्व्हरचा आणि एक बाहेर जाणाऱ्या लाइनचा. दोन्ही धडाधड लुकलुकत होते. कुणी काम करत नव्हतं, कुणी काही बघत नव्हतं, आणि सर्व्हर बाहेर कुणाला तरी भराभरा काहीतरी देत होता.

आरती संपायच्या आधी त्यांनी मला बाहीला धरून आत ओढलं. पडद्यावर आत कोण शिरलंय त्याची नोंद होती. नाव होतं, अण्णा.

अण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा ताईंनी त्यांचं लॉगिन बंद करायची परवानगी मागितली होती. अण्णा संस्थापक, त्यांना सगळं उघडायची मुभा. दादासाहेब भडकले होते. "अण्णांचं नाव काढायचं? ज्यांनी मंडळ उभं केलं त्यांचं?" कमिटीने एकमुखाने ठरवलं की अण्णांचं नाव यंत्रात कायम राहील. ठराव मीच लिहिला, 'अण्णा आपल्यात आहेत.' पासवर्ड बंद पाकिटात घालून ताईंनी दादासाहेबांच्या हातात दिला होता. आणि आता बाहेर त्यांच्या फोटोपुढे कापूर जळत होता आणि आत त्यांच्या नावाने कोणीतरी मुलींचे फोटो एकामागून एक उपसत होतं.

"हा पासवर्ड मी सोडून दोघांना माहीत," ताई म्हणाल्या. "त्यातला एक फोटोत आहे."

मला वाटलं, आता त्या ओरडत बाहेर जाणार. गेल्या नाहीत. तिथल्या तिथे बसून दहा मिनिटांत त्यांनी अशी व्यवस्था केली की अण्णांच्या नावाने शिरणाऱ्याला यापुढे एकही मुलगी दिसणार नाही. एक सोडून. ती एक मुलगी त्यांनी स्वतः तयार केली. कुमारी सुमन, वय सव्वीस, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स. फोटो त्यांच्या डिप्लोमाच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्या, कपाळावर मोठी टिकली. अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं, 'खरं बोलणारा.' फोन नंबर नव्या सिमचा. कागदाचा फॉर्मच नाही, म्हणजे मंदाच्या हाताला तो लागलाच नव्हता. "नुसती नोंद दाखवली तर म्हणतील, वायरीतलं कोणाला कळतं," ताई म्हणाल्या. "माणसाच्या तोंडून ऐकू दे."

तिसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत जेवताना तो फोन वाजला. त्यांनी सुकटीचा हात तसाच ठेवून डाव्या हाताने उचलला. पलीकडून गोड आवाज, "सुमनजी बोलताय का? तुमचे डोळे फार छान आहेत." मंदा शेजारी उभी होती. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताई हसल्या नाहीत. "डोळ्यांचं राहू दे. नंबर कुठून मिळाला?" त्याने लग्न जमवणाऱ्या एका नव्या ॲपचं नाव सांगितलं. म्हणाला, तिथे सगळ्याच दिसतात.

दसऱ्यानंतरच्या मीटिंगला सात सभासद, बटाटेवडे आणि विषय क्रमांक चार, 'श्रीमती चव्हाण यांच्या सेवेबाबत'. मंदाला बाहेर बाकावर बसवलं होतं. ताई बोलावलेलं नसताना आत आल्या, वड्यांची बशी बाजूला सारली, फोन टेबलावर ठेवला, त्या ॲपच्या ऑफिसचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. मंडळातून बोलतेय, आमचे फॉर्म तुमच्याकडे कसे येतात, एवढंच विचारलं. पलीकडची मुलगी उत्साहात होती. "हो मॅडम, तुमचे सगळे प्रोफाइल येतात ना आमच्याकडे. दादासाहेबांनीच लॉगिन दिलंय. बदल्यात मंडळाचं ॲप आम्ही फ्रीमध्ये बनवतोय, हीरकमहोत्सवासाठी. पण मॅडम, दसऱ्यापासून एकच प्रोफाइल येतोय, काही प्रॉब्लेम आहे का?"

कुणी वडा गिळला नाही. दादासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते म्हणाले, "मला वाटलं, ते फक्त नावं घेतील."

"तुम्हाला वाटलं!" ताई म्हणाल्या. "मुली फोन बंद करून बसल्या तेव्हा काय वाटलं? मंदाचं नाव वीस माणसांत घेतलंत तेव्हा काय वाटलं? तीन आठवडे तुमका ठाऊक होता की आपण चावी कुणाक दिली ती!"

यावर आमच्या कमिटीने काय करावं? माफी? छे. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, झालं गेलं, मंदाबाईंनी कामावर राहावं, विषय संपला. दुसरे म्हणाले, ॲपवाल्यांना तोंडी समज द्यावी. ताईंनी एकच मागणी केली. सगळ्या घरांना पत्र जायला हवं, फोटो बाहेर गेले हे सांगणारं, आणि ते मंदाने दिलेले नाहीत हे सांगणारं. "मंडळाची बदनामी होईल," असं सातही जणांचं मत पडलं. मुलींची झाली होती, मंदाची झाली होती, ती चालते. मंडळाची नको. मी इतिवृत्त लिहीत होतो. दादासाहेबांनी सांगितलं तसं लिहिलं, 'सर्व्हरमध्ये तांत्रिक दोष आढळला, तो दूर करण्यात आला.' ते वाक्य माझ्या अक्षरात आजही त्या वहीत आहे. आणि पुढचं वाक्य, 'श्रीमती घाडी यांना सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.'

ताईंनी भांडण केलं नाही. सगळे पासवर्ड एका कागदावर लिहिले, कुठली वायर कुठे जाते ते मला दोन तास समजावलं, परत म्हणून दाखवायला लावलं, चुकलो तिथे शिव्या घातल्या. मग स्क्रू ड्रायव्हर बाहीतून काढून पर्समध्ये टाकला आणि मंदाच्या डोक्यावरून हात फिरवून जिना उतरल्या.

पुढच्या रविवारी मी सकाळी आलो, तर ताई खाली जिन्याच्या तोंडाशी उभ्या. रविवारी मंडळात गर्दी असते. लिफाफे घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्या हात जोडून थांबवत होत्या. "मी सुलभा घाडी. वर सर्व्हर मी सांभाळायचे. तुमच्या मुलीचा फोटो आणि नंबर बाहेर गेलाय. फॉर्मवर मी वचन दिलं होतं, ते मोडलं. माफी मागते. आणि हे मंदा चव्हाणने केलेलं नाही." लोक ओरडायचे, त्यांनाच. त्या ऐकून घ्यायच्या. आयुष्यभर दुसऱ्याला झाडणारी बाई, तिथे उन्हात उभी राहून न केलेल्या पापाच्या शिव्या खात होती. बाजूची फुलवाली त्यांना पाण्याची बाटली द्यायची. मी मात्र पहिल्या दिवशी मान वळवून वर गेलो.

दुसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. "ताई, अशा उभ्या राहून किती जणांना सांगणार? सगळ्या घरांचे नंबर तुमच्या हातात होते. जाताना यादी न्यायची होती. घरी बसून फोन केले असते."

त्या अशा काही उसळल्या की फुलवाली दचकली. "यादी न्यायची? विचारल्याशिवाय? मगे त्याच्यात नि माझ्यात फरक काय रवलो? अकलेचो कांदो!"

चौथ्या रविवारी दादासाहेब खाली उतरले. त्यांची बॅग माझ्या हातात होती, म्हणून मी ऐकलं. त्यांना वाटलं ताई तमाशा करणार. ताईंनी इतरांसारखेच त्यांना हात जोडले. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या ईशाचाही फॉर्म होता, दादासाहेब. तिचाही फोटो गेलाय. मीटिंगमध्ये बोलले नाही. पोरीचं नाव चारचौघांत कशाला?" ईशा म्हणजे त्यांची नात. दादासाहेब गाडीचं दार धरून उभे राहिले. मग आत बसले.

मंगळवारी पत्र निघालं. त्या मुलींत घरची नात निघाली तेव्हा निघालं, हे मी मुद्दाम नोंदवतो. सगळ्या घरांना, दादासाहेबांच्या सहीने. फोटो व क्रमांक बाहेरच्या संस्थेकडे गेल्याचं मंडळाच्या सतर्कतेमुळे लक्षात आलं, क्षमस्व, सावध राहावे. मीच टाइप केलं, पाकिटं मीच चिकटवली.

रविवारी मी एक प्रत खिशात घालून लवकर गेलो. ताई आलेल्या होत्या. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. खरं सांगायचं तर मला वाटलं, माझी पाठ थोपटतील. त्यांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"सगळ्यांना गेलं?"

"सगळ्यांना. ताई, तुमचं नाव मात्र त्यांनी..."

"माझ्या नावाक काय जाळूचा आसा? मंदाचं खंय आसा ह्यात?"

मी म्हणालो, "दादासाहेब म्हणाले, त्याची गरज नाही. ती कामावर आहेच ना."

"टाइप कोणी केलं?"

"मी."

मी मान खाली घातली आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. त्या मिळाल्या असत्या तर मी वर जाऊन निवांत चहा प्यालो असतो. पण त्या आल्या नाहीत. ताईंनी पत्राची नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि खांद्यावरची पिशवी उतरवून पुन्हा पायरीशी ठेवली. समोरून एक नवरा-बायको लिफाफा घेऊन येत होते. ताईंनी त्यांना हात जोडले.

"नमस्कार. वर काउंटरवर मंदाताई चव्हाण बसतात. त्यांच्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर ते खोटं आहे. कसं ते सांगते, दोन मिनिटं थांबा."

मी वर गेलो. आमच्या इमारतीला मागच्या बाजूला एक लोखंडी गोल जिना आहे, सफाईच्या लोकांसाठी बांधलेला. पुढच्या रविवारपासून मी त्या जिन्याने जायला लागलो. ताई पुढच्या दाराशी आणखी किती रविवार उभ्या होत्या, ते मला माहीत नाही.